उंबरठ्याआधीचे पैसे

महिन्याला दहा-बारा हजार रुपये भाडं न चुकता भरणारं कुटुंब तेवढाच हप्ताही भरू शकतं. तरीही चिखली, मोशी, भोसरी, चाकण, महाळुंगे या पट्ट्यात अशी असंख्य कुटुंबं वर्षानुवर्षं भाड्यानेच राहतात. लातूर, बीड, जळगाव, बुलढाण्याहून आयटीआय करून आलेला मुलगा इथल्या कारखान्यात लागतो, त्याचं लग्न होतं, मुलं शाळेत जाऊ लागतात आणि भाडेकरार मात्र दर अकरा महिन्यांनी नव्याने होत राहतो. घराचा विषय निघाला की हिशेब एकाच ठिकाणी अडतो. हप्त्याचं काहीतरी जमेल, पण चावी हातात येण्याआधी जी रक्कम एकदम मोजावी लागते, ती आणायची कुठून?

हे प्रकरण त्या रकमेबद्दल आहे. अमेरिकेत अनेक राज्यांच्या गृहवित्त संस्था पहिल्यांदा घर घेणाऱ्याला नेमकी याच रकमेसाठी मदत करतात. कुठे थेट अनुदान मिळतं, कुठे घर विकेपर्यंत परत मागितलं जात नाही असं दुय्यम कर्ज मिळतं. आपल्याकडे अशी एक खिडकी नाही. मदत आहे, पण ती म्हाडा, महापालिका, भविष्य निर्वाह निधी, बँक आणि केंद्र सरकार अशी पाच ठिकाणी विखुरलेली आहे आणि तिच्यातला मोठा भाग पहिली रक्कम भरून झाल्यावर हाती येतो. म्हणून मदत किती मिळते याइतकंच ती केव्हा मिळते हेही महत्त्वाचं ठरतं. ज्याला हा क्रम कळतो त्याचं घर काही वर्षं आधी होतं.

कारखाने आधी, घरं नंतर

१९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. त्या काळच्या रीतीप्रमाणे कारखान्यासोबत कामगारांची वसाहतही झाली. एचए कॉलनी हे नाव आजही टिकून आहे. १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली, टेल्को आणि बजाज आले, त्यांच्यामागे शेकडो लघुउद्योग आले. कामगारांची संख्या इतकी वाढली की प्रत्येक कारखान्याने वसाहत बांधणं शक्य राहिलं नाही. मार्च १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं ते या वाढत्या वस्तीला नियोजित जागा देण्यासाठी. निगडी, आकुर्डी, भोसरीच्या पेठा त्यातून उभ्या राहिल्या आणि भूखंड ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले गेले.

पण येणाऱ्या माणसांच्या मानाने नियोजित घरं कायम कमी पडली. ज्याला प्राधिकरणाचा भूखंड किंवा म्हाडाचं घर मिळालं नाही, त्याने तळवडे, चिखली, रुपीनगर, दिघी, वाल्हेकरवाडी भागात अर्धा-एक गुंठा घेऊन जमेल तसं घर बांधलं. त्यासाठी बँकेचं कर्ज मिळत नव्हतं. गावाकडची जमीन, बायकोचे दागिने आणि पतसंस्थेचं कर्ज यांवर ती घरं उभी राहिली. पुढे चाकणला एमआयडीसीचे टप्पे वाढत गेले. बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ असे कारखाने आले. रोजगार वाढला, पण कायम कामगाराच्या शेजारीच कंत्राटी कामगार उभा राहू लागला. गृहकर्जाच्या दृष्टीने या दोघांची दुनिया वेगळी आहे. २०२१ मध्ये प्राधिकरणही विसर्जित होऊन त्याचा कारभार पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) आणि महापालिका यांच्यात वाटला गेला.

तीस लाखांच्या घराला रोख किती लागते?

समजा, महापालिका हद्दीत बांधकाम चालू असलेली वन बीएचके सदनिका ३० लाखांना ठरली. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते. कर्ज ३० ते ७५ लाखांचं असेल तर ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के. म्हणजे इथे कमाल २७ लाख कर्ज आणि तीन लाख स्वतःचा हिस्सा.

बहुतेकांचा हिशेब इथे थांबतो. खर्च मात्र थांबत नाही. पिंपरी-चिंचवड महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सात टक्के आहे, म्हणजे २ लाख १० हजार. घर एकट्या स्त्रीच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत मिळते आणि शुल्क १ लाख ८० हजार होतं. नोंदणी शुल्क एक टक्का, पण कमाल ३० हजार. जीएसटी चालू बांधकामाला लागतो. ४५ लाखांपर्यंतच्या परवडणाऱ्या घराला एक टक्का, म्हणजे आणखी ३० हजार. या सवलतीसाठी मुंबई महानगरात चटई क्षेत्राची मर्यादा ६० चौरस मीटर आहे. पुणे परिसर मात्र जीएसटीच्या यादीत महानगर धरला जात नाही, म्हणून इथे ती ९० चौरस मीटर, म्हणजे साधारण ९६८ चौरस फूट आहे. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला जीएसटीच नाही.

बेरीज केली तर पाच लाख ७० हजार रुपये होतात. कर्जाची प्रक्रिया फी, देखभालीची आगाऊ रक्कम आणि वीजमीटर हे त्याहून वेगळे. बँकेने ९० ऐवजी ८० टक्केच कर्ज दिलं तर हीच बेरीज ८ लाख ७० हजारांवर जाते. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च घराच्या किमतीत धरून त्यावर कर्ज देता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दहा लाखांपर्यंतच्या घरांचा त्याला अपवाद आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि सरकारी वार्षिक मूल्यदर यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्यावर लागतं.

‘फक्त ९९ हजारांत घर’ अशी जाहिरात असते, तेव्हा ती रक्कम केवळ बुकिंगची असते. बाकीचे पैसे पुढच्या काही आठवड्यांत मागितले जातात आणि ते जमले नाहीत तर बुकिंगची रक्कमही अडकते. रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. हे कलम माहीत असणाऱ्या माणसाशी बोलताना विक्री कार्यालयाचीही भाषा बदलते.

पहिला मार्ग : मुळात किंमतच कमी असलेलं घर

पहिली रक्कम कमी करण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे घराची किंमत कमी होणं, कारण स्वहिस्सा, शुल्क आणि हप्ता या सगळ्यांचा पाया तोच आहे. आपल्या पट्ट्यात याचे तीन स्रोत आहेत.

पहिला म्हाडाच्या पुणे मंडळाची सोडत. चाकणजवळ महाळुंगे इंगळे इथे म्हाडाची स्वतःची योजना आहे. शिवाय चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधणाऱ्या खासगी बिल्डरला वीस टक्के घरं अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवावी लागतात. ताथवडे, पुनावळे, वाकड यांसारख्या भागांतली ही घरं सोडतीत येतात आणि त्यांची किंमत शेजारच्या खुल्या बाजारातल्या सदनिकेपेक्षा बरीच कमी असते. पुणे महानगर क्षेत्रात म्हाडाच्या अत्यल्प गटाची वार्षिक उत्पन्नमर्यादा सहा लाख, अल्प गटाची नऊ लाख आणि मध्यम गटाची बारा लाख आहे. त्यात पती-पत्नी दोघांचं उत्पन्न धरतात. महिन्याला ४५ हजार मिळवणारं जोडपं स्वतःला ‘अत्यल्प’ समजत नाही आणि म्हणून अर्जच करत नाही. त्यांनी करायला हवा.

दुसरा स्रोत महापालिकेचा. पंतप्रधान आवास योजनेत चऱ्होली आणि बोऱ्हाडेवाडीत महापालिकेने घरं बांधली, नंतर आकुर्डी आणि पिंपरीतही. त्या योजनेत केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख थेट घराच्या किमतीतून वजा होतात. उरलेला लाभार्थी हिस्सा टप्प्याटप्प्याने भरायचा असतो आणि त्यासाठी बँक कर्ज देते. तिसरा स्रोत म्हणजे प्राधिकरणाने सुरू केलेली आणि आता पीएमआरडीएकडे असलेली भोसरी पेठ क्रमांक १२ ची योजना.

या मार्गाची अडचण वेळेची आहे. सोडत केव्हा निघेल आणि नंबर लागेल का, हे आपल्या हातात नसतं. महापालिकेच्या याच योजनेतल्या रावेतच्या जागेचा वाद न्यायालयात गेला आणि तिथली घरं रखडली. म्हणून सोडतीवर विसंबून बाकी तयारी थांबवू नये. उलट सोडतीसाठीच तयारी लागते. देकारपत्र आल्यावर ठरलेल्या मुदतीत पैसे भरावे लागतात आणि नाव लागूनही पैसे वेळेत न जमल्यामुळे घर परत करणारे लोक दर सोडतीत असतात. अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक आणि बँकेकडून कर्जपात्रतेचा अंदाज हे सगळं जाहिरात निघण्याआधी तयार हवं.

दुसरा मार्ग : स्वतःचेच साठलेले पैसे

कामगाराची सर्वांत मोठी बचत अनेकदा त्याच्या नजरेआड असते. ती म्हणजे पीएफ. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५ हजार धरला, तर कामगाराचे १८०० आणि मालकाच्या हिश्श्यातून पेन्शनकडे जाऊन उरलेले ५५० असे दरमहा २३५० रुपये खात्यात पडतात. सव्वाआठ टक्के व्याजाने सात वर्षांत ही रक्कम अडीच लाखांच्या पुढे जाते. आपल्या तीस लाखांच्या घरातल्या स्वहिश्श्याचा मोठा भाग यातून निघतो.

घरासाठी पीएफमधून काढलेले पैसे परत भरावे लागत नाहीत आणि त्यावर व्याजही नसतं. वर्षानुवर्षं चालत आलेल्या नियमानुसार पाच वर्षांच्या सदस्यत्वानंतर घरखरेदीसाठी ३६ महिन्यांच्या पगाराइतक्या मर्यादेत पैसे काढता येत. २०१७ मध्ये गृहनिर्माण संस्थेमार्फत घर घेणाऱ्या सदस्यांना तीन वर्षांनंतर ९० टक्क्यांपर्यंत रक्कम काढण्याची तरतूद आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये भविष्य निर्वाह निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने अंशतः रक्कम काढण्याचे अनेक नियम एकत्र करून बारा महिन्यांच्या सेवेची एकच अट आणि किमान २५ टक्के शिल्लक ठेवण्याची मर्यादा असा निर्णय घेतला. अर्ज करताना त्या दिवशी कोणता नियम लागू आहे हे पीएफ कार्यालयातून पक्कं करून घ्यावं. मोठ्या कंपन्यांचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असेल तर अर्ज तिथे जातो.

चाकणच्या पट्ट्यात खरी अडचण वेगळीच असते. पाच वर्षांत चार ठेकेदार बदललेले असतात आणि प्रत्येकाने वेगळं खातं उघडलेलं असतं. कुठे नावाचं स्पेलिंग आधारशी जुळत नाही, कुठे नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नसते. मग पैसे असूनही निघत नाहीत. ही सगळी खाती एका यूएएन क्रमांकाखाली आणण्याचं काम घर शोधायला लागण्याच्या आधी करून ठेवावं.

कायम कामगारासाठी आणखी एक संधी असते. मोठ्या कारखान्यांत दर तीन-चार वर्षांनी वेतन करार होतो आणि तो उशिरा झाला तर मागील महिन्यांचा फरक एकरकमी मिळतो. दिवाळीचा बोनस दरवर्षी येतोच. या दोन रकमा ठरवून बाजूला ठेवणाऱ्या कुटुंबाचा स्वहिस्सा पाच-सहा वर्षांत उभा राहतो. ज्यांची ही रक्कम मोटारसायकल आणि मोबाइलच्या हप्त्यांत जाते, त्यांचं घर तेवढंच लांब जातं.

उसन्या पैशाचा हिस्सा महाग पडतो

हिस्सा कमी पडला की पहिला विचार पतसंस्थेचा येतो. पगारदार नोकरांच्या सहकारी पतसंस्थांनी या औद्योगिक पट्ट्यातली किती लग्नं, किती शिक्षणं आणि किती घरं तारली आहेत, त्याची गणती नाही. सहकार कायद्याच्या कलम ४९ मुळे हप्ता थेट पगारातून कापला जातो, म्हणून जामीनदारांवर कर्ज लवकर मिळतं. पण गृहकर्जाच्या आधी ते घेतलं, तर त्याचा एक दुष्परिणाम होतो.

दोन लाखांचं कर्ज बारा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे ४४५० रुपये येतो. बँक गृहकर्ज ठरवताना उत्पन्नाच्या साधारण ४० ते ५० टक्के रक्कम सगळ्या हप्त्यांसाठी धरते आणि चालू हप्ते त्यातून वजा करते. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांच्या गृहकर्जाला लाखामागे सुमारे ८६८ रुपये हप्ता पडतो. याचा अर्थ असा की, ४४५० रुपयांचा तो हप्ता तुमची गृहकर्जाची पात्रता पाच लाखांनी कमी करतो. स्वहिश्श्यात दोन लाख मिळवले आणि कर्जात पाच लाख गमावले. वैयक्तिक कर्ज किंवा ॲपवरचं कर्ज याहून महाग असतं, त्यामुळे त्यांत नुकसान आणखी वाढतं. नातेवाइकांकडून घेतलेली रक्कमही खात्यातून खात्यात आणि लिहून घ्यावी. बँक हिश्श्याचा स्रोत विचारते.

‘ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही’ अशा योजनांपासूनही सावध राहावं. त्यांत व्याज बिल्डर भरतो, पण कर्जदार म्हणून सही तुमची असते. बिल्डरने भरणं थांबवलं की बँक तुमच्या दारात येते. दिल्ली परिसरात अशा योजनांत हजारो कुटुंबं अडकली आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिल्डर आणि कर्जसंस्थांच्या संगनमताचा तपास सीबीआयकडे दिला. बांधकाम जेवढं झालं तेवढंच कर्ज वितरित करावं, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं.

कर्ज कुठून आणि किती वर्षांचं

१९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी स्थापन केली, तेव्हा सामान्य पगारदाराला घरासाठी कर्ज देणं हीच नवी गोष्ट होती. आज कर्ज देणारे अनेक आहेत, पण त्यांचे दोन गट वेगळे ओळखता आले पाहिजेत. बँकेचं बदलत्या दराचं गृहकर्ज ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेलं असतं. २०२५ मध्ये रेपो साडेसहावरून सव्वापाच टक्क्यांवर आला, तेव्हा अशा कर्जदारांना त्याचा लाभ आपोआप मिळाला. गृहवित्त कंपन्यांना ही जोडणी बंधनकारक नाही. त्या स्वतःचा दर ठरवतात. मात्र ज्याला बँक परत पाठवते, त्याला कर्ज देतात त्याही याच कंपन्या.

दहा लाखांचं कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता ८६७८ रुपये, बारा टक्क्यांनी घेतलं तर ११,०११ रुपये. महिन्याला २३०० रुपयांहून जास्त फरक पडतो. म्हणून ज्याला नाइलाजाने महाग कर्ज घ्यावं लागलं, त्याने दोन-तीन वर्षं एकही हप्ता न चुकवता नोंद चांगली करावी आणि मग कर्ज बँकेकडे वळवावं. व्यक्तीने राहत्या घरासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही.

मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा मोहही तपासून घ्यावा. वीसऐवजी तीस वर्षं केली की लाखामागचा हप्ता ८६८ वरून ७६९ वर येतो, म्हणजे फक्त ९९ रुपये वाचतात. एकूण व्याज मात्र लाखामागे एक लाख आठ हजारांवरून एक लाख ७७ हजारांवर जातं. पात्रता बसवण्यासाठी मुदत लांब घ्यावी लागली, तर दरवर्षीच्या बोनसमधून मुद्दल कमी करत राहावं.

करबचतीच्या बोलण्यालाही आता फारसा अर्थ उरलेला नाही. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर पडत नाही. ज्याला करच नाही, त्याने कर वाचवण्यासाठी कर्ज वाढवण्याचं कारण नाही. त्याऐवजी कर्जाच्या कागदांतलं मुख्य तथ्य विवरण नीट वाचावं. ऑक्टोबर २०२४ पासून ते देणं सक्तीचं आहे आणि सगळे आकार धरून कर्ज खरोखर किती टक्क्यांना पडतं, ते त्यात एका आकड्यात लिहिलेलं असतं.

पंचवीस लाखांची रेघ

१ सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या पंतप्रधान आवास योजना शहरी २.० मध्ये व्याज अनुदान आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत आणि देशात कुठेही कुटुंबातल्या कुणाच्या नावावर पक्कं घर नाही, अशा कुटुंबाला पहिल्या आठ लाखांच्या कर्जावर चार टक्के व्याज अनुदान मिळतं. ते कमाल १ लाख ८० हजार असून पाच वार्षिक हप्त्यांत येतं.

आता आपलं तीस लाखांचं घर पुन्हा पाहा. बँकेने ९० टक्के, म्हणजे २७ लाख कर्ज मंजूर केलं आणि आपण आनंदाने घेतलं, तर २५ लाखांची रेघ ओलांडली आणि अनुदानाचा हक्क गेला. त्याऐवजी पीएफमधून आणखी दोन लाख काढून कर्ज २५ लाखांवर ठेवलं, तर १ लाख ८० हजारांचं अनुदान उभं राहतं आणि हप्ताही २३,४३१ वरून २१,६९६ वर येतो. त्या दोन लाखांवर पीएफमध्ये मिळणारं व्याज जातं खरं, पण बदल्यात मिळतं ते त्याहून खूप जास्त. अनुदान देताना कर्ज चालू असावं आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी असावी, अशीही अट आहे. म्हणून पहिल्या पाच वर्षांत मोठी परतफेड करण्याआधी हिशेब करावा. गावाकडे वडिलांच्या नावावर घर असेल तर काय, हा प्रश्न हमखास येतो. योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं. आईवडिलांचं घर विवाहित मुलाच्या आड येत नाही.

ज्यांच्याकडे पगारपत्रक नाही

कंत्राटी कामगार, मेस चालवणारी बाई, टेम्पोचालक, वेल्डिंगचं छोटं दुकान असलेला माणूस हे या पट्ट्याचा कणा आहेत आणि कर्जाच्या रांगेत शेवटी उभे आहेत. महिन्याला २२ हजार हाती येणाऱ्याचे ४० टक्के म्हणजे ८८०० रुपये. तेवढ्या हप्त्यात वीस वर्षांसाठी दहा लाखांच्या आसपास कर्ज बसतं. खुल्या बाजारातली सदनिका त्यात येत नाही. या माणसासाठी म्हाडा आणि महापालिकेचं घर हाच खरा मार्ग आहे आणि म्हणूनच त्या योजनांची संख्या वाढणं हा त्याच्या जगण्याचा प्रश्न आहे.

तरी काही गोष्टी त्याच्या हातात आहेत. पत्नीचं उत्पन्न बँकेतून फिरवलं, भले ते शिवणकामाचं पाच-सात हजारांचं असेल, तर ती सहअर्जदार होते आणि पात्रता वाढते. आधी कधीच कर्ज न घेतल्यामुळे सिबिल स्कोअर नसेल, तर केवळ त्या कारणाने पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेचं धोरण आहे. अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेतही ते स्पष्ट केलं. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षाला एक अहवाल मोफत मिळतो. तो मागवून त्यातली चूक आधीच दुरुस्त करून घ्यावी. कमी उत्पन्नाच्या गृहकर्जांसाठी सरकारचा पतहमी निधी आहे आणि नव्या आवास योजनेत तो एक हजार कोटींवरून तीन हजार कोटींवर नेला गेला. या हमीमुळेच कागद अपुरे असलेल्या कर्जदारांना कर्ज देण्याची कंपन्यांची तयारी वाढते. बांधकाम कामगाराने कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी केलेली असेल, तर घरासाठी मंडळाची वेगळी मदत असते.

स्वस्त घर आणि महाग चूक

हिस्सा जमत नाही, तेव्हा माणूस अशा घराकडे वळतो ज्याला कर्जच मिळत नाही आणि म्हणून जे स्वस्त असतं. देहूरोड दारूगोळा कोठाराभोवतीच्या, बांधकामाला मनाई असलेल्या रेडझोनमधली रुपीनगर-तळवड्याची घरं, नदीच्या निळ्या पूररेषेतले भूखंड, बिगरशेती न झालेली गुंठ्यांची जमीन ही या पट्ट्यातली उदाहरणं. मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या पूररेषेतले ३६ बंगले महापालिकेने पाडले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा आदेश सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवला होता. आयुष्यभराची कमाई त्यांत घातलेल्या कुटुंबांचं दुःख मोठं आहे. त्यातून घ्यायचा धडा स्पष्ट आहे : दस्त नोंदला गेला म्हणजे बांधकाम कायदेशीर ठरलं, असं होत नाही.

बँकेचा वकील जमिनीचे जुने कागद, मंजूर नकाशा, महारेरा क्रमांक आणि भोगवटा प्रमाणपत्र मागतो, ते तुमच्याही संरक्षणासाठी असतं. एखाद्या जागेला एकही बँक कर्ज देत नसेल, तर ती जागा रोखीनेही घेऊ नये. प्राधिकरणाच्या पेठेतलं जुनं घर घेताना भाडेपट्टा हस्तांतराची परवानगी आधी पाहावी.

मदत दारापाशी हवी

शेवटी दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवतो. तीस लाखांचं पहिलं घर स्त्रीच्या नावावर घेतलं, तर राज्य सरकार नोंदणीच्या दिवशी १ लाख ८० हजार मुद्रांक शुल्क घेतं. त्याच घरासाठी केंद्र सरकार पाच वर्षांत १ लाख ८० हजार अनुदान देतं. रक्कम तीच आहे. फरक इतकाच की घेणं पहिल्या दिवशी होतं आणि देणं पाच वर्षं चालतं. ज्या कुटुंबाला पहिल्या दिवशीचीच रक्कम जमत नाही, ते त्या अनुदानापर्यंत पोहोचतच नाही. पोहोचतात ते, ज्यांच्याकडे ती रक्कम आधीच होती.

हे बदलता येतं आणि त्याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. पंतप्रधान आवास योजनेतल्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटाच्या घरांना महाराष्ट्राने मुद्रांक शुल्क फक्त एक हजार रुपये ठेवलं. तीच सवलत ३५ लाखांपर्यंतच्या, पहिल्यांदाच घेतल्या जाणाऱ्या राहत्या घराला दिली, तर कोणत्याही नव्या योजनेशिवाय सुमारे दोन लाखांची मदत नेमकी हवी तिथे आणि हवी तेव्हा पोहोचेल. कामगार संघटना वेतन करारात शाळा, विमा आणि कॅन्टीनचा आग्रह धरतात. घराच्या स्वहिश्श्यासाठी कंपनीकडून बिनव्याजी आगाऊ रकमेची मागणीही त्यांनी करारात घालावी. या पट्ट्यात देशाच्या मोटारगाड्या बनतात. त्या बनवणाऱ्याला स्वतःचं पहिलं घर घेताना पाच लाखांसाठी पंधरा वर्षं थांबावं लागू नये, एवढी मागणी पूर्णपणे रास्त आहे आणि ती आकड्यांनिशी मांडता येते.